प्रणयचे १८१ दिवस

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून डोकं शांत ठेवणार. बी.कॉम. अर्ध्यावर सोडल्यापासूनचा हा चौथा निर्धार. हा टिकणार.

संध्याकाळ
टिकला नाही. सीए ऑफिसात माझ्याकडे स्कॅनिंगचं काम. आज काचेवर प्रणयचा पासपोर्ट आला. प्रणय म्हणजे आमच्या करावे गावचा, फॉरेनच्या बोटीवर इंजिनिअर. ८ मार्चला रुतिकाशी लग्न करतोय. माझ्या रुतिकाशी. (ती तसं अजून म्हणालेली नाही. बोलणंच कमी होतं.) फोटोतसुद्धा परफ्यूम मारून बसल्यासारखा. पगार लाखांत, टॅक्स शून्य. का, तर साहेब एनआरआय. किळस आली.

३ फेब्रुवारी
मुद्दा सापडला. प्रणयकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी तहसीलच्या लाइनीत मी त्याच्या मागेच उभा होतो. म्हणजे माणूस इथला. मग भर टॅक्स. ऑफिसच्या सीए अरुणा मॅडमना सांगितलं. त्या चहा पिता पिता म्हणाल्या, अरे, डोमिसाइल कॉलेजवाले बघतात, इन्कम टॅक्सवाले दिवस मोजतात. एप्रिल ते मार्चमध्ये भारतात १८२ दिवस भरले की रेसिडेंट, मग बोटीच्या पगारावरही टॅक्स.
बाईंना कायदा येतो, न्याय येत नाही.

४ फेब्रुवारी
शिक्के मोजले. तीनदा.
१ एप्रिल ते ३० जून घरी: ९१. १ डिसेंबरपासून परत घरी. २८ फेब्रुवारीला होतात १८१. १ मार्चला १८२.
आणि लग्न ८ मार्चला.
प्रणय गाढवाने वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरलं असणार, म्हणून निवांत आहे. मॅडम ही फाइल जूनमध्ये उघडणार. जगात फक्त मला माहीत आहे की त्याला २८ तारखेपर्यंत देश सोडावा लागेल. म्हणजे लग्न कॅन्सल. नवरा बोटीवर, रुतिका गावात, मी गावात.

६ फेब्रुवारी
क्लायंटचं बाहेर बोलायचं नाही असा ऑफिसचा नियम आहे. पण मी ऑफिस सुटल्यावर बोललो.
रुतिकाचे वडील बाळारामकाका ओटीवर जाळं सांधत होते. कागदावर दिवस मांडून दाखवले. त्यांनी विचारलं, थांबला त काय पोलीस पकरतील त्याला? म्हटलं, नाही काका, पण पोरीच्या संसारातला मोठा लचका टॅक्समध्ये जाईल. काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, धनेश पोरा, तू आलास त बरा झाला. काकींनी तळलेले बोंबील दिले.
लग्न मोडलं असं धरायला हरकत नाही. रुतिकाने दारातून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे ओटीवरचा टीव्ही चालू होता, पण नजर माझ्यावरच.

९ फेब्रुवारी
लग्न २२ फेब्रुवारीला.
मी धरून चाललो होतो की इतक्या घाईत हॉल मिळणार नाही. काका म्हणे, हॉल गेला खड्ड्यान, दारान मांडव घालू. भटजीही लगेच तयार. या देशात कुणालाच तत्त्व नाही.
प्रणयचा फोन. म्हणाला, भाई, वाचवलंस. मी कट केला. रेंज नव्हती असं नंतर कळवलं.

१० फेब्रुवारी
ठरलं. हळदीला जाणार नाही, लग्नाला जाणार नाही. जेवायला तर नाहीच.

२१ फेब्रुवारी
हळदीला गेलो. फक्त निषेध म्हणून. डीजेसमोर दोन तास निषेध केला. शर्ट पिवळा.

२२ फेब्रुवारी
काकांनी माइकवरून जाहीर केलं की हे लग्न धनेशमुळे आज लागतंय. टाळ्या. स्टेजवर ओढून फोटो. प्रणयने मिठी मारली. परफ्यूमबद्दलचा माझा अंदाज खरा होता.
रुतिका पहिल्यांदाच माझ्याशी इतकं बोलली. म्हणाली, बरं झालं तू सांगितलंस, मला ८ मार्चपर्यंत थांबवतच नव्हतं.
दोनदा जेवलो. चव कळली नाही.

२८ फेब्रुवारी
काल दोघं सिंगापूरला गेले. प्रणयचे १८० भरले.
आज करावेतून आणखी सहा बोटीवाल्यांचे पासपोर्ट आले, दिवस मोजायला. त्यातल्या चौघांची लग्नं ठरलीत. मॅडमनी सगळे माझ्याच टेबलावर ठेवले. म्हणाल्या, तुझा हिशोब चुकत नाही.