सातव्या पानावरचा वाटा

नांदगाव खंडेश्वर, मार्गशीर्ष

प्रिय भगवंत,

आशीर्वाद. तुझी वही पोचली. कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांबरोबर पाठवलीस, वरून मेणकापड गुंडाळलेस आणि गाडीवानाला तीनदा बजावलेस की जमुनाबाईच्याच हाती दे. एवढी काळजी तू कधी माझी घेतली नाहीस, पण असो. ‘अमावास्येला कमिशनर साहेबांचा दौरा अमरावतीला येणार, तू भाजीची गाडी घेऊन जातेसच, तेव्हा वही त्यांच्या कारकुनाकडे दे,’ असे लिहिलेस. साहेबांच्या पसंतीस उतरली की ती छापली जाईल, वऱ्हाडातल्या शाळांत लागेल आणि तू अकोल्याच्या शाळेचा हेडमास्तर होशील. वाचून आनंद झाला, खोटे कशाला सांगू. हेडमास्तराची बहीण म्हणवून घ्यायला मलाही आवडेल.

मग मी वही उघडली. नुसती पोचती केली असती तर आपल्या दोघांनाही बरे झाले असते.

मला वाचता येते हे तू विसरलास की काय? तू शाळेतून येऊन वांग्याच्या वाफ्यात काडीने अक्षरे काढायचास आणि मी पाणी सोडायच्या आधी ती वाचली नाहीत तर रुसून बसायचास. मोडी मला अजून येत नाही, पण ही वही पोरांसाठी म्हणून तू बाळबोधात लिहिलीस. अक्षर सुंदर आहे. नाव तर त्याहून सुंदर, ‘वऱ्हाडातील गावस्थिती’. गावात कोण कोण राहतात, कोणाचे काम काय, कोण वर आणि कोण खाली, आणि तसे का, हे शाळेतल्या पोरांनी शिकावे म्हणून लिहिलेले पुस्तक. असे पुस्तक हवेच होते. म्हणूनच माझा जीव जास्त जळतो.

अरे, श्रावणात तू दोन दिवस इथे येऊन राहिलास. दोन्ही दिवस खुशालराव पाटलांच्या ओसरीवर लोडाला टेकून. पाटील सांगत होते आणि तू लिहीत होतास. रात्री माझ्याकडे जेवलास, भाकरीबरोबर ठेचा मागून घेतलास, आणि मला एक शब्द विचारला नाहीस. मी म्हटले, शिकलेला माणूस आहे, विचारायचे असेल ते उद्या विचारील. उद्या तू गाडीत बसलास.

आणि लिहिलेस काय? पाटलांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आहेत, हे लिहिलेस. सीतादहीवर दोन पाने लिहिलीस. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका कापसाच्या पराटीची पूजा कशी करतात, दहीभाताचा नैवेद्य कसा दाखवतात, सारे आहे. तुला आठवणारच, लहानपणी तो दहीभात तूच संपवायचास. पण त्या पूजेनंतर दोन महिने ज्या बायका कमरेत वाकतात, त्यांना सातव्या पानावर एक ओळ. ‘वेचणाऱ्या स्त्रियांस वेचलेल्या कापसाचा वाटा मिळतो व त्या संतुष्ट असतात.’ तुझी ही ओळ मला आता तोंडपाठ झाली आहे.

वाटा मिळत असे, भगवंत. आपली माय वेचायची तेव्हा मिळत असे, आणि मी वेचू लागले तेव्हाही. दिवस मावळला की शेताच्या धुऱ्यावर आपल्या कापसाचे दहा वाटे आपणच करायचे, आणि त्यातला आपला एक कोणता ते मालकाने दाखवायचे. त्यामुळे वाटे लहानमोठे करायची सोय नव्हती आणि भांडण नव्हते. त्या दहाव्या वाट्याचे सूत मी कातत असे. तू अमरावतीच्या शाळेत जी धोतरे नेसलास ती त्या सुताची. हे तुझ्या वहीत नको, पण तुझ्या ध्यानात असावे एवढेच.

आता समुद्रापार कुठेतरी लढाई लागून तिकडचा कापूस थांबला आहे आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आहे. भाव आला आणि वाटा गेला. गेल्या साली पाटील म्हणाले, कापूस नाही, ज्वारी घ्या. दिवसभर वाकायचे आणि पायलीभर ज्वारी घेऊन घरी यायचे. यंदा तर सीतादहीला त्यांनी सनई आणली, लुगडी वाटली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारीचे माप पुढे केले. तेव्हा बायकांनी कापूस वेचायला कमरेला बांधलेल्या ओट्या सोडल्या. आज पाच दिवस झाले, पाटलांच्या शेतात कोणी गेलेले नाही. बोंडे फुटून कापूस मातीला लागतो आहे. पाहवत नाही, पण आम्ही पाहतो.

सगळ्यांत आधी ओटी सोडली ती कौसल्येने. महारवाड्यातली कौसल्या, तू तिला ओळखतोस. मळ्यात तुला साप निघाला तेव्हा तिनेच ओरडून गाव गोळा केला होता. तुझी वही आली त्या दुपारी मी ती बायकांना बांधावर बसून वाचून दाखवली. ‘संतुष्ट’ म्हणजे काय ते सगळ्यांना सांगावे लागले. कौसल्येने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “थ्यानं आमच्याबद्दल लिवलं, मंग आमाले इचारलं काहून नाही? आमी काय मुक्या हावो?” तुला याचे उत्तर सुचले तर लिहून कळव.

आणि महारवाडा गावाबाहेर आहे एवढेच लिहून तू मोकळा झालास. का बाहेर आहे, ते नाही. कौसल्येने वेचलेला कापूस माझ्या कापसात मिसळतो, पाटलांच्या घरात जातो, त्याच्या गाद्यांवर सोवळ्यातली माणसे झोपतात. कापसाला विटाळ नाही आणि कौसल्येला आहे. हे तुझ्या पोरांनी शिकायला नको? तुला वाटेल, बाई दुसऱ्यांचीच उणी काढते. तर हेही लिही की दुपारी तिला तहान लागली की मी तिच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतते. भांडे तिच्या हाती देत नाही. तेरा वर्षे आम्ही एका ओळीत वेचतो आणि तेरा वर्षे मी वरून ओतते. त्या दिवशी वही मिटल्यावर तिने ओंजळ पुढे केली, तरी मी ओतले वरूनच. मला माझी लाज वाटते. पाटलांच्या ओसरीवर बसून हे तुला कोण सांगणार होते?

आता का लिहिते आहे ते ऐक. अमावास्येला आम्ही बायका अमरावतीला त्याच साहेबांसमोर उभ्या राहणार आहोत. वाटा परत मिळावा, एवढेच मागणे. काल खुशालराव पाटील मळ्यापाशी थांबले आणि हसत म्हणाले, “जा ना बाई, खुशाल जा. तुह्याच भावानं पुस्तकात लिवलं हाय, वाटा भेटते म्हणून. मले वाचून दाखवलं थ्यानं. सायब तुमचं ऐकन का पुस्तकाचं?” त्यांचे खरे आहे. साहेबांच्या एका हातात तुझी वही असली तर दुसऱ्या बाजूला आम्ही चाळीस जणी उभ्या राहून काही उपयोग नाही. म्हणून तुझी वही मी देणार नाही. ती ज्वारीच्या कणगीत ठेवली आहे, मेणकापडासकट. तुझी हेडमास्तरकी त्यात अडकली आहे हे मला कळते, आणि त्याचे मला वाईटही वाटते. अमावास्येला अजून बारा दिवस आहेत. बडनेऱ्याला आगगाडी येणार येणार म्हणतात, ती येईल तेव्हा येईल. तू बैलगाडीने निघ. आपल्या मळ्याच्या कडेला चार ओळी पराटी मी न वेचता तुझ्यासाठी राखली आहे. सकाळी तुझ्या कमरेला ओटी मी बांधीन. दिवसभर वेच, कौसल्येच्या शेजारी वेच, तिला काय विचारायचे ते विचार. संध्याकाळी तुझ्या कापसाचे दहा वाटे कर. मी ते दहाही उचलून नेईन आणि तुझ्या पदरात पायलीभर ज्वारी घालीन. मग कणगीतून वही काढून देते. दिवा लावते. सातवे पान पुन्हा लिही, आणि संतुष्ट असशील तर तसे लिही.

तुझीच,
जमुना