दादाचा प्रोग्रॅम

सोमवार, ४ मार्च
सकाळच्या गाडीने पोचले. वहिनी न्यायला आली होती. लाकडाच्या वखारीवर माडीला दोन खोल्या आहेत. तिथे ती आणि दादा राहत, आता ती आणि मी. उजेड भरपूर, खिडकीखाली ओंडक्यांचे ढीग, सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. दादा गेल्यापासून आज प्रथमच पोटभर जेवले. महिन्यापूर्वी खालच्या करवतीवरच तो गेला. पाय घसरला, असं सगळे सांगतात. करवत चालवणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. तो दुसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून मालकांनी मला बोलावून घेतलं. मला कॉम्प्युटरचं जेमतेम येतं. पण दादाचं काहीतरी हाती राहील म्हणून हो म्हटलं.

मंगळवार, ५ मार्च
काम समजून घेतलं. ओंडका लोखंडी गाडीवर चढवतात, पकडी तो घट्ट धरतात, वरचा कॅमेरा माप घेतो. प्रोग्रॅम पडद्यावर फळ्या आखून दाखवतो आणि मग गाडी करवतीकडे सरकते. पण मी काचेच्या केबिनमधून चालू करताच कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसने प्रोग्रॅम अडवला. 'धोका आढळला. फाइल वेगळी ठेवली आहे.' मालक म्हणाले, महिनाभर हे रोजचंच दुखणं आहे, परवानगी देऊन सोडवून घ्यायचं. करवतीवरचा मिस्त्री दारात उभा होता. म्हणाला, "ताई, वॉचमनने घरमालकालाच फाटकाबाहेर उभं केलंय बघा." सगळे हसले, मलाही हसू आलं. परवानगी दिली. करवत लोण्यातून फिरावी तशी चालली.

शुक्रवार, ८ मार्च
रोज तेच. अडवायचं, सोडवायचं. मालक वैतागले, म्हणून आज दादाचा अख्खा फोल्डरच तपासणीतून वगळला. यापुढे इथे लक्ष ठेवले जाणार नाही, असा इशारा आला. वाचला आणि 'ठीक आहे' दाबलं. नऊ वर्षं ज्याने चूक केली नाही, त्याच्या कामावर एका यंत्राने संशय घ्यावा, हे मला सहन होत नव्हतं. वहिनीला सांगितलं, ती भाजी निवडत राहिली. खालच्या कामाचं तिला काही कळत नाही, आता तर ती करवतीकडे बघतही नाही.

मंगळवार, १२ मार्च
ओंडका फिरवताना पकडी आपोआप मिटल्या. एका कामगाराची बोटं गेली. मिस्त्रीने ती भुशातून वेचून फडक्यात बांधून दिली. मालक म्हणाले, त्याचंच लक्ष नव्हतं. अँटिव्हायरसने चकार शब्द काढला नाही. काढणार कसा, मीच त्याचं तोंड बांधलंय. पडद्यावर आखणी राहिली होती. कोपरापासून पंजापर्यंत एक हात, त्यावर फळ्यांच्या सरळ रेघा. कॅमेऱ्याने समोर दिसलं ते मोजलं असेल, अशी मी समजूत घातली. प्रोग्रॅम बंद करायला हवा होता. हात झाला नाही. त्याच्याशिवाय दादाचं माझ्याकडे दुसरं काही नाही.

गुरुवार, १४ मार्च
मिस्त्री गेला. गाडीखालचा भुसा ओढायला वाकला होता. बटण कुणी दाबलं नव्हतं. एका पकडीने खांदा धरला, दुसरीने मांडी, आणि त्याला गाडीवर आडवं केलं. मी लाल बटण दाबलं. मूठ आपटून आपटून दाबलं. गाडी थांबली नाही. तो ओरडत होता तोवर ती सावकाश गेली. मग परत आली. पुन्हा गेली. सगळे तुकडे एका जाडीचे. केबिनच्या काचेतून मला काही दिसेना, इतकं रक्त.

पोलीस येऊन गेले. यंत्र बिघडलं, असं लिहून घेतलं.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "वन्सं, जायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले होते, त्याला मी अडवून ठेवलंय, कुणाला सोडू देऊ नकोस. मला वाटलं, कुणा माणसाशी भांडण झालंय."

म्हणजे ती फाइल धोक्याची, हे अँटिव्हायरसला दादानेच सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळी मालकांनी ती सोडली, आणि दादा गेला. मी तर ती कायमचीच सोडली.

शनिवार, १६ मार्च
वहिनीला माहेरी धाडलं. फोल्डर पुन्हा तपासणीत घातला. 'कोणताही धोका आढळला नाही.' परत. तेच.

स्वतः डिलीट केला. दादाला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं — पडदा मिटला, उघडला. फाइल तिथेच.

मालक आले. माल अडलाय म्हणाले. मी हातापाया पडले. मला ढकलून स्वतः ओंडका चढवायला गेले — पकडी मिटल्या — मी त्यांची बाही धरून ओढली. बाही माझ्या हातात राहिली. बाहीत हात होता.

रविवार, १७ मार्च. दुपार
वखारीत कुणी नाही. मेन स्विच पाडला. फ्यूज काढून घेतले. बॅग घ्यायला वर आले, फ्यूज समोर टेबलावर आहेत.

केबिनमधला पडदा उजळलाय. खिडकीतून दिसतो.

आखणी आहे. ओंडका नाही. बसलेली बाई. मान खाली, उजवा हात लिहिताना. रेघा मानेपासून —

जिना गाडीच्या समोर उतरतो. दुसरी वाट नाही.

दादा, तूच अडव —

करवत चालू झाली. भुसा वर येतोय. वहीवर, डोळ्यांत. उठून खिडकी लावून घेते. कडी बसत ना—