मायनं सोडलेला चहा

पेनांग, मलेशिया
मार्च २००४

माय,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी अन् महेमूद मजेत आहोत, काळजी बिलकुल करू नको.

पैसे संपेपर्यंत फिरायचं, म्हणून खाण्याचा खर्चा लई कमी ठेवलाय. सकाळी केळी, दुपारी हातगाडीवरचा भात. तुझी शेंगदाण्याची चटणी महेमूद नुसतीच खातो. पोट बिघडलं न्हाई.

पैसे उरले म्हणून आणखी एक देश पाहायचं ठरलं. तेच सांगायला काल फोन केल्ता. फोन उषाताईनं उचलला. म्हणली, मी निघालो त्या दिवसापासून तू चहा सोडला, मी घरात पाय ठेवीन तेव्हाच घेणार. मला सांगितलं का न्हाई गं? डोकं दुखतं का? बापू एकटेच चहा पितात का?

इथं मी काटकसर करून राह्यलो अन् तिकडं तुझा चहा लांबून राह्यला.

महेमूदला सांगितलं. तो म्हणला, "पैसे संपले की वापस, असंच ठरल्तं ना? चल." अन् मला मोठ्या हॉटेलात घेऊन गेला.

आता रोज तिथंच जेवणार. चहाचं पातेलं घासून ठेव.

तुझा,
बद्रीनाथ