घासलेलं चाक

रविवार, संध्याकाळ. मोहोळ.

कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आले, पण घरचा ट्रॅक्टर आज पहिल्यांदाच हातात मिळाला. कडब्याची ट्रॉली बोळात अडकली होती. आप्पा रिव्हर्स घ्यायला लागले की ती वाकडीच व्हायची. शेवटी मी चढले. प्रॅक्टिकलला शिकवलं होतं तशी हळूहळू काढली. एक चाक तेवढं भिंतीला घासलं.

आप्पा एवढंच म्हणाले, "चाक घासलं की."

शाबासकी नाही, काही नाही. जरासंच तर घासलं! दुपारभर तेच डोक्यात. नसतं घासलं तर काय म्हणाले असते?

आत्ता शेजारचे तात्या आले. त्यांचीही ट्रॉली अडकलीय. आप्पा म्हणाले, "हिला घिऊन जा."

"पोरीला जमंल व्हय?"

"आमची काढली की. चाकबी घासलं न्हाय."