क्रौंचाचा डोळा

प्रिय ऋजुता,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस.

लायडनच्या तुझ्या प्रदर्शनाची पत्रिका मिळाली. आत छापलंय की तू जपानी चित्रकला कुणाकडेच शिकली नाहीस, रिंपा घराण्यातल्या चित्रकारांसारखी नुसती जुनी चित्रं पाहून घडलीस. वा! मग तीन वर्षं दर शनिवारी आइंडहोवनहून सायकल मारत न्यूनेनला माझ्या स्वयंपाकघरात कोण येत होतं? शाई उगाळायला कुणी शिकवलं? माझी साबुदाण्याची खिचडीही नुसती पाहूनच पोट भरलं वाटतं.

मी लग्न होऊन जयेशच्या मागे या परक्या देशात आले तेव्हा हाताला काम नव्हतं. शेजारच्या जपानी बाईंनी मला कानो घराण्याची रीत शिकवली. आधी गुरूच्या नमुन्याची नक्कल, रेघ न् रेघ, वर्षानुवर्षं. जपानच्या शोगुन राज्यकर्त्यांच्या वाड्यांच्या भिंती याच रीतीनं रंगल्या. शिक्षण पुरं झालं की शिष्याला गुरूच्या नावातलं एक अक्षर मिळायचं आणि तो ते जन्मभर मिरवायचा. तू मात्र हे कारकुनी काम म्हणून नाक मुरडायचीस, आणि जाताना माझी नमुन्यांची वही पिशवीत टाकायचीस.

पत्रिकेवर तुझा क्रौंच आहे. 'स्वतःच्या निरीक्षणातून', म्हणे! त्याचा डोळा चोचीला जवळजवळ चिकटलाय. ती चूक माझी आहे, बाई. चष्मा फुटला होता त्या आठवड्यात काढलेला नमुना तो. खऱ्या क्रौंचाचा डोळा तिथे नसतो, माझ्या वहीतल्याचा असतो. चोरी करावी तर निदान डोळे उघडे ठेवून करावी.

आणि रिंपाचं नाव घेतेस तर पुरतं घे. त्यांच्यातल्या एकानं कधीही न भेटलेल्या, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या चित्रकाराची शताब्दी केली, त्याची चित्रं त्याच्याच नावानं छापली. मी तर अजून जिवंत आहे.

हे अक्षर जयेशचं आहे, हे तू ओळखलं असशीलच. फेब्रुवारीपासून माझा उजवा हात थरथरतो. आमच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, हे थांबणारं नाही. ब्रश आता धरवत नाही. माझी रेघ उरली आहे ती फक्त तुझ्या हातात, आणि तिथे मला कुणी ओळखत नाही, याचा मला भयंकर राग येतो. रडूही येतं. रविवारच्या आत त्या चित्राखाली माझं नाव लाव. मी बघायला येणार आहे, जयेशचा हात धरून.

तू नाकारलंस तरी तुझीच,
सुचेताताई