कप्तानाच्या सदऱ्याचा रंग

कल्याण,
१९ नोव्हेंबर १९८५

चि. महिपत यास मंजुळाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. भाऊबीजेला तू आणलेली साडी साऱ्या शेजारणींना दाखवून झाली, आता नेसायची तेवढी राहिलीय.

पत्राचं कारण निराळं आहे. जनीच्या शाळेचं संमेलन १४ डिसेंबरला आहे. रविवारी सकाळी टीव्हीवर ती अंतराळयानाची परदेशी मालिका लागते ना, तिच्यावरून पोरांनी नाटुकलं बसवलंय. आपली जनी कप्तान झालीय, त्यामुळे घरातही हुकूम सोडते. आठ पोरांचे कपडे माझ्याकडे आलेत. मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की कपडे हुबेहूब झाले तर जूनपासून सगळ्या शाळेचे गणवेश माझ्याकडे, नाहीतर बाजारातले देवराम टेलर आहेतच. दोन वर्षं परकर आणि उशांचे अभ्रे शिवतेय रे. हे काम मला हवंच आहे.

अडचण अशी की शेजारचा टीव्ही काळा-पांढरा. कप्तान राखाडी, शास्त्रज्ञ राखाडी, शत्रूही राखाडी. अख्खं यान पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखं दिसतं. तू मात्र भाऊबीजेला तुझ्या नव्या कलर टीव्हीचं इतकं सांगितलंस की ह्यांना दोनदा विषय बदलावा लागला. तर येत्या रविवारी वही घेऊन बस आणि कोणाचा काय रंग, गळा कसा, पट्ट्या किती, सगळं लिहून कळव. थापा नकोत. रतनला आशीर्वाद.

तुझी,
मंजुळाताई

कोलशेत, ठाणे,
२५ नोव्हेंबर १९८५

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल आंघोळ करून, वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसलो. रतनला बोलायची बंदी केली. परीक्षेला मी असा बसलो असतो तर आज कारखान्यात साहेब असतो, असं तिचं मत पडलं.

आता नीट वाच. कॉलर उभी आणि बंद. डाव्या खांद्यावर तीन बटणं. कप्तानाच्या बाहीवर दोन पट्ट्या, बाकीच्यांच्या एकेक. कमरपट्ट्याचं बक्कल चौकोनी, साबणाच्या वडीएवढं. विजार पायाशी इतकी अरुंद की ती माणसं घालतात कशी देव जाणे.

रंगांचं जरा विचित्र आहे. कप्तान उभा असला की सदरा निळा. खुर्चीत बसला की नारिंगी. विजारी सगळ्यांच्या हिरव्या, त्यात बदल नाही. शास्त्रज्ञाचंही तसंच. एक शत्रू मार खाऊन खाली पडला तो नखशिखांत हिरवा झाला. भांडताना कप्तानाचं तोंडसुद्धा निळं पडलं होतं, पण ते रागाने असेल. पुढल्या जमान्याची माणसं आहेत, कपडे बदलायला त्यांना मोरीत जावं लागत नसेल.

भावोजींना नमस्कार सांग. आमचा टीव्ही उत्तम चालतो हेही सांग.

तुझा,
महिपत

कल्याण,
२८ नोव्हेंबर १९८५

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाबास! बटणंसुद्धा मोजलीस. पण रंग बदलणारा सदरा मी शिवायचा कसा? सकाळपासून भाकऱ्या करपेपर्यंत विचार केला आणि मग सुचलं. खांद्यापासून छातीपर्यंत निळा, तिथून कमरेपर्यंत नारिंगी आणि खाली हिरवी विजार. म्हणजे पोर उभं राहो, बसो की पडो, कुठला ना कुठला रंग बरोबर असणारच. बाजारात जाऊन कापड आणलं आणि आठही सदरे बेतून टाकले. कात्री फिरली, आता मागे फिरणं नाही.

मोठ्या बाई मात्र जरा साशंक दिसल्या. मी म्हटलं, बाई, माझ्या भावाकडे कलर टीव्ही आहे, समक्षच बघा ना. त्या खूश झाल्या. तेव्हा रविवारी, ८ तारखेला, बाई, मी आणि आठही पोरं सकाळच्या बसने शीळफाट्यावरून तुझ्याकडे येतोय. रतनला म्हणावं, फक्त पोहे कर.

तुझी,
मंजुळाताई

कोलशेत, ठाणे,
२ डिसेंबर १९८५

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

रविवारी येऊ नकोस. पहिल्यांदा मी लिहिलं होतं की रतनला ताप आहे. ते पत्र रतनने वाचलं आणि फाडलं. मग लिहिलं की कावळ्यांनी अँटेना वाकवली. तेही तिने फाडलं. खरं लिहिल्याशिवाय पाकीट मिळणार नाही, असं तिने बजावलंय.

ताई, माझा टीव्ही कलर नाही. साधाच आहे. दुकानदाराने काचेवर लावायला एक प्लास्टिकचा कागद दिला, वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. तो लावला की टीव्ही कलर होतो म्हणाला, आणि मलाही आठवडाभर तसंच वाटलं. नंतर बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ रोज निळं दिसायला लागलं तेव्हा उमगलं. पण तोवर मी तुमच्याकडे जेवणाच्या पानावर बसून बढाई मारून चुकलो होतो.

बढाई का मारली तेही सांगतो. आम्हाला इथे येऊन तीन वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी तुझ्याकडे येतो, तू एकदाही आली नाहीस. शिलाई असते, जनीची शाळा असते, मला कळतं. पण वाटलं, कलर टीव्ही म्हटलं तर बघायला तरी येशील. आता येतेयस ती मोठ्या बाईंना घेऊन, आणि माझ्यापायी तुझं काम बुडणार. कापलेल्या कापडाचं काय करशील गं? मला फार वाईट वाटतंय. रागाव, पण पत्र लिही.

तुझा अपराधी,
महिपत

कल्याण,
१६ डिसेंबर १९८५

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुला शिव्या दिल्या, मग रडले, मग मशीनवर बसले. दुसरं कापड आणायची ऐपत नव्हती आणि दिवसही नव्हते. बाईंना तुझ्या घरी पाहुणे आल्याचं सांगून थोपवलं आणि तिरंगी सदरे तसेच शिवले. गणवेशाचं काम गेलं असं मनाशी धरूनच शनिवारी संमेलनाला गेले.

पडदा उघडला. आपली जनी कमरेवर हात ठेवून उभी. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे डॉक्टर बसले होते. ते वळून मोठ्या बाईंना म्हणाले की आमच्या टीव्हीवर तर कप्तानाचा सदरा पिवळा असतो. मी मागच्याच रांगेत होते, सगळं ऐकू आलं. पण बाई शांतपणे म्हणाल्या की डॉक्टर, तुमचा टीव्ही दुरुस्तीला टाका. आमच्या घरी गेल्याच आठवड्यात कलर टीव्ही आणलाय, त्यावर अगदी असंच दिसतं, वर निळं, मध्ये नारिंगी, खाली हिरवं.

नंतर विंगेत येऊन त्यांनी जनीची शिवण चिमटीत धरून पाहिली, आणि जूनपासूनचे सगळे गणवेश माझ्याकडे देऊन टाकले. मी मान खाली घालून हो म्हटलं. वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

आता तुझं. मला बोलवायला टीव्ही कशाला लागतो रे तुला? मीच यायला हवं होतं, चुकलं माझं. येत्या रविवारी आम्ही तिघं येतोय. कागद काढू नकोस. कप्तान बसल्या बसल्या सदरा कसा बदलतो ते मला तुझ्या शेजारी बसून बघायचंय.

मोठ्यांना नमस्कार, रतनला दोन आशीर्वाद जास्त, आणि तुझा कान रविवारपर्यंत माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
मंजुळाताई