फटफटीचं खरं वजन

८ नोव्हेंबर १९८८

फटफटी आली! सेकंडहँड, पण आली. भैंसा गावच्या कंपाउंडरनं गाडीसोबत कंपनीचं पुस्तकही दिलं. त्यात गाडीचं वजन छापलंय — एकशे बावीस किलो. पुस्तक लिहिणारा आमच्या गावात कधी आला नसावा.

भैंस्यापासून गावच्या चिंचेपर्यंत गाडीला वजनच नव्हतं. चिंचेपाशी मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि यशवंतराव पाटलाच्या ओसरीसमोरून गाडी ढकलत मारुतीच्या पारापर्यंत नेली. तिथं पुन्हा किक मारली आणि बौद्धवाड्यात घरी आलो. आपल्या माणसानं पाटलाच्या दारावरून बसून जायचं नाही, असा नियम आहे. कुठं लिहिलेला नाही, त्यामुळं खोडताही येत नाही.

आजा इथून पायतान हातात घेऊन जायचा. बा सायकल ढकलत जायचा. मी फटफटी ढकलतो. तीन पिढ्यांत केवढी प्रगती!

९ नोव्हेंबर

पाटील दिवसभर ओसरीवर सुपारी कातरत बसलेला असतो. तो "उतर" म्हणत नाही. कधीच म्हणाला नाही, तेवढा तो सज्जन आहे. आज एवढंच विचारलं, "मास्तर, लय जड दिसून राह्यली गाडी. झेपते ना?"

"झेपते, मालक."

शाळेत पोरांना मान वर करून बोला म्हणून सांगतो मी. आणि इथं "मालक". आपोआप आलं तोंडून, जिभेला शिकवावं लागलं नाही.

११ नोव्हेंबर

बाला म्हणालो, उद्यापासून बसूनच जाणार. मिसरूड फुटायच्या आधीपासून बा पाटलाकडे सालदार आहे. दर पाडव्याला बोली होते, पुढचं वर्षभर बा पाटलाचा. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "बाबू, तू दिवसभर शाळेत. पाटलाच्या समोर मले राहा लागते. चार पावलं उतरून गेला त का झिजशील?"

मी नाही झिजत. चपला झिजतात, त्या नव्या घेता येतात. उतरत जाईन म्हणालो. शब्द दिला.

१९ नोव्हेंबर

भैंस्याला गेलो होतो. शाळेत माझ्या वर्गात असलेला महिपत तिथं जिनिंगमध्ये काट्यावर असतो. म्हटलं, बाबा, ही एकदा तोलून दे. त्याला वाटलं मला ताप आलाय. पण दुपारी गर्दी सरल्यावर आम्ही दोघांनी फटफटी कापसाच्या काट्यावर चढवली. एक क्विंटल चोवीस. "दोन किलो पेट्रोल धर," महिपत म्हणाला. "पुस्तक खोटं नाई."

"मग चिंचेपासून पारापर्यंत पाच क्विंटल कशी भरते?"

तो पण आमच्याच वाड्यातला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाला, "तिथं वरून पाटील बसते ना."

खूप हसलो आम्ही. नंतर गाडी उतरवली आणि चहा घेतला.

२८ नोव्हेंबर

आज हुशारी केली. ओसरीसमोर उतरायचं कबूल केलंय, ओसरीसमोरूनच जायचं कुठं कबूल केलंय? म्हणून सकाळी नाल्याच्या अंगानं निघालो. काळ्या मातीचा चिखल, मागचं चाक फिरलं जागच्या जागी आणि आम्ही दोघं आडवे. मी उठलो. ती उठेना. हँडल धरून ओढली, खांदा लावला, शिव्या दिल्या. एकशे बावीस किलो म्हणे! शेवटी तिच्याशेजारी बसून राहिलो.

गवत कापायला आलेल्या देवकाबाईनं पाहिलं. काकू लागते माझी. "काऊन मास्तर, म्हशीवानी लोळायले आणली का गाडी?" विळा ठेवला, पदर खोचला, सोबतच्या बायांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून उभी केली. जाताना म्हणाली, "नाल्यानं नको जात जाऊ, बाप्पा. इथून आमी जातो, आमाले दुसरा रस्ता नाई. तुले त आहे ना?"

शाळेत पोचलो तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "शेत कोणाचं नांगरलं, गुरुजी?"

१ डिसेंबर

आज चिंचेपाशी गाडी आपोआप बंद पडली. तिलाही कळायला लागलं.

४ डिसेंबर

द्वारका आली. मे महिन्यात आमचं लग्न झालं, पण तिची आई आजारी म्हणून ती इतके दिवस माहेरी, मावल्यालाच होती. सडकेवर बसमधून उतरली, तिला फटफटीवर घेतलं. वाटेत तिनं माझा शर्ट धरला होता. सांगायला लाज वाटते, पण मी उगाच दोन वळणं जोरात घेतली.

मग चिंच आली. इंजिन बंद केलं. म्हटलं, "उतर."

"काऊन? पेट्रोल सरलं?"

सगळं सांगितलं. आज्याचं पायतान, बाची सायकल, माझा शब्द. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मंग उतरा तुमी."

"आणि तू?"

"मी काऊन उतरू? शब्द तुमी देल्ला."

आणि बसून राहिली! एका अंगाला पाय सोडून, पिशवी मांडीवर. आता चिंचेखाली नवराबायकोचं भांडण करायचं की पुढं जायचं? मी उतरलो. ढकलायला लागलो. गाडी, बायको, आणि तिच्या आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या पापड्या. वरून पाटील.

पारावर चारपाच माणसं बसली होती, त्यांच्या विड्या विझल्या. बसच्या खिडकीतून दुकानं पाहावीत तशी द्वारका ओसरीकडे पाहत होती. पाटलाचा अडकित्ता थांबला. तो थांबलेला मी आजवर ऐकला नव्हता.

"मास्तर, आता त लयच जड झाली असन."

मी "हो मालक" म्हणणार, तेवढ्यात मागून ती बोलली, "गाडी जड नाई जी. हे खाली उतरले म्हणून जड झाली."

डिसेंबरात घाम फुटला मला. पारापाशी तीन किका मारल्या, तेव्हा कुठं गाडी सुरू झाली.

५ डिसेंबर

बा जेवला नाही.

७ डिसेंबर

पाटलानं बाला सांगितलं, "दौलत, सुनेले समज दे. नाई त पाडव्याले दुसरा माणूस पायतो." आवाज चढवला नाही म्हणे. सज्जन माणूस.

संध्याकाळी बानं हे ओट्यावर बसून जसंच्या तसं सांगितलं. मी मास्तर, समज देणं हा माझा धंदाच. घसा साफ केला. इथं कसं वागावं लागतं, बाच्या वयाचा विचार, आपला पगार किती नि घरात तोंडं किती, असं बरंच काही मनात जुळवलं. बाच आधी बोलला.

"पोरी, भेव नाई वाटला तुले?"

"वाटला ना, मामाजी. पाय लटलट कापून राह्यले होते. उतरली असती त पडलीच असती. म्हणून त बसून राह्यली."

बा हसला की त्याला खोकला आला, कळलं नाही. भाकर मात्र त्यानं मागून घेतली. माझं सगळं भाषण वाया गेलं. बरंच झालं. मला माझी लाज वाटली, आणि द्वारका इतकी आवडली की लिहिता येत नाही.

१८ डिसेंबर

रविवार. बा सकाळीच अंघोळ करून बाहेर आला. धुतलेलं धोतर, आणि चौदा एप्रिललाच घालायची ती टोपी. "मले बसव," म्हणाला.

"कुठं जायचं?"

"कुठं नाई. सडकेपर्यंत."

आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसला. दोन्ही हातांनी माझी कंबर अशी धरली की श्वास घ्यायची पंचाईत. पारापाशी सवयीनं माझा हात क्लचवर गेला. पाठीत एक बोट टोचलं. "चालू दे."

चालू दिली. छाती धडधडत होती, माझी का बाची ते कळत नव्हतं. ओसरी आली —

ओसरी रिकामी! पाटील नांदेडला लग्नाला गेलेला. सतरंजीवर नुसता अडकित्ता पडलेला. आम्ही बापलेक अडकित्त्यासमोरून ऐटीत निघून गेलो.

चिंचेखाली बा म्हणाला, "थांब." टोपी काढून झटकली. मग म्हणाला, "हे धरायचं नाई."

"मग येताना? ढकलू?"

"येतानाबी बसूनच. सराव होते."

२१ डिसेंबर

पाटील होता.

बानं ओसरीसमोर गाडी हळू करायला लावली. मला वाटलं, उतरतो आता. तो बसल्या बसल्याच म्हणाला, "जयभीम, यशवंतराव." मालक नाही. त्याच्याकडे राबायला लागल्यापासून पहिल्यांदा नावानं. अडकित्ता थांबला. आम्ही थांबलो नाही. पाडव्याची वाट न पाहता बानं आजपासून काम सोडलंय.

पुस्तकात एकशे बावीस किलो लिहिलंय. बरोबर आहे.